जहाजाला साडेचार तारे, एजंटाला तीन

आमच्या एजंटाचं क्रूझचं माहितीपत्रक बारा पानी आहे, गुळगुळीत कागदाचं. त्यात पोहण्याच्या तलावाचे चार फोटो, जेवणाच्या टेबलांचे तीन आणि सूर्यास्त बघणाऱ्या एका गोऱ्या जोडप्याचा एक. शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, दीड ओळ: टिप्स, वैयक्तिक खर्च, विम्यात न बसणारा दवाखान्याचा खर्च आणि वर न लिहिलेलं सगळं वगळून. मी लिहितेय ते त्या दीड ओळीबद्दल.

एजंटाचं नाव देत नाही, जहाजाच्या कंपनीचंही नाही. एजंट इंदुरातलाच, ओळखीतला. झालेल्या चुका त्यानं तोंडावर कबूल केल्या, आणि सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या पुढच्या नाटकाला मध्यंतरात चहाच्या रांगेत तो माझ्या मागेच उभा असणार. माझ्याबद्दल सांगायचं तर एका सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीत क्लेमच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. त्यामुळे मला सूर्यास्ताच्या आधी तळटीप दिसते. आमचे हे याला आजार म्हणतात.

गेलो चौघं. मी ६३, हे ६६, ग्वाल्हेरची माझी ताई ६८ आणि भाऊजी ७३. भाऊजींना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, आणि २०१९ मध्ये एक स्टेंट बसलाय. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल. जानेवारी २०२५, संक्रांत उरकल्यावर. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेत, एक दिवस नुसता समुद्र, की परत सिंगापूर. चार रात्री. खोल्या दोन, दोन्ही आतल्या, बिनखिडकीच्या. खोलीत जायचं ते झोपायला, मग बाल्कनीचे जादा पैसे कशाला, असं माझं मत होतं आणि अजून आहे. ताईचं नाही. जाग आल्यावर उजाडलंय की नाही तेच कळत नाही म्हणून तिनं चारही रात्री टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल लावून ठेवलं होतं. अंधार दिसला की परत झोपायची.

आधी पैसे. माणशी ९२,००० ठरले होते, विमान, व्हिसा, जहाज, सगळं धरून. चौघांचे ३,६८,०००. सिंगापूरच्या एका जादा रात्रीचे दोन खोल्यांचे २२,००० (ही रात्र कुठून आली ते खाली सांगते), म्हणजे ३,९०,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी १९,५००. मग त्या सगळ्यावर ५ टक्के टीसीएस, म्हणजे एजंटानं आपल्याकडून आगाऊ गोळा करायचा आयकर, २०,४७५. एकूण ४,२९,९७५. ‘९२ हजारात सिंगापूर क्रूझ’ म्हणणाऱ्या बोर्डाखाली बसून हा आकडा ऐकला तेव्हा यांनी पाण्याचा ग्लास उचलला. टीसीएस म्हणजे बुडालेले पैसे नव्हेत. ते तुमच्या पॅनवर जमा होतात, २६एएस या आयकराच्या उताऱ्यात दिसतात आणि रिटर्न भरताना वळते होतात किंवा परत मिळतात. मात्र एजंटानं ते खरंच भरलेत ना, हे आपण बघायचं. आमच्या एजंटानं भरले होते, हा त्याचा पहिला तारा. पाच टक्के हा त्या वेळचा, सात लाखांपर्यंतचा दर. हे दर सरकार सारखं बदलत असतं, तुम्ही जाल तेव्हाचा बघून घ्या. ‘थोड़ा कैश दे दो तो टैक्स बचेगा’ असंही तिथल्या एका मुलानं सुचवून पाहिलं. त्याला मी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

आता विमान. इंदुरात आपली पहिली अडचण ही, की सिंगापूरला थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीवरून जावं लागतं. एजंटाची मूळ योजना अशी होती: संध्याकाळी साडेपाचला इंदूरहून मुंबई, एका कंपनीचं. रात्री ११.४० ला मुंबईहून सिंगापूर, दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या तिकिटावर. साडेपाच तासांचं उड्डाण, सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे सकाळी ७.४० ला तिथे. त्याच दुपारी साडेचारला जहाज. चेक-इन तीनला बंद. ‘मॅडम, पूरे सात घंटे मिल रहे हैं, सब ऐसे ही जाते हैं.’

सात तास मिळतात ते सगळं वेळेवर झालं तर. मी दोन गोष्टी मागितल्या. एक, दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही आलाच नाहीत, तिकीट गेलं. शिवाय मुंबईत सामान सोडवून घ्या, ते ढकलत दुसऱ्या टर्मिनलला न्या, परत द्या. एकाच पीएनआरवर असलं तर सामान इंदुरातच सिंगापूरपर्यंत टॅग होतं, आणि जोड हुकली तर पुढच्या विमानात बसवणं त्यांच्या गळ्यात पडतं. दुसरी गोष्ट, जहाजाच्या एक दिवस आधी सिंगापूरला पोचायचं. ती जादा रात्र ही. यांनी खूप कुरकुर केली. बावीस हजारांत म्हणे छप्पनला, आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत, वर्षभर नाश्ता होईल.

निघायच्या दिवशी इंदुरात लख्ख ऊन होतं. धुकं दिल्लीत होतं, सकाळी. पण संध्याकाळी इंदूरला येणारं विमान सकाळी दिल्लीहून निघून तीन गावं फिरून येत असतं, आणि सकाळचा उशीर ते दिवसभर घेऊन हिंडतं. साडेपाचचं विमान साडेनऊला उडालं. दहा पन्नासला मुंबईत उतरलो तेव्हा सिंगापूरच्या विमानाचं गेट बंद होत होतं, आणि मध्ये इमिग्रेशन होतं. गेलं. काउंटरवरच्या मुलीनं दुसऱ्या सकाळच्या विमानाचे चार बोर्डिंग पास काढून दिले, जादा पैसे नाहीत. रात्र आम्ही टी-२ टर्मिनलच्या खुर्च्यांवर काढली. मी तिच्याकडून उशिराचं पत्र तिथल्या तिथे लिहून घेतलं, शिक्क्यासकट. नंतर मेलवर मागितलं तर मिळतं, पण पाच मेल करावे लागतात आणि विम्याच्या प्रवासविलंबाच्या कलमाला ते पत्र लागतंच.

सिंगापूरला पोचलो दुपारी चारला. जहाज दुसऱ्या दिवशी होतं. मूळ योजनेत हेच चार जहाजाच्या दिवसाचे असते, आणि चेक-इन तीनला बंद झालं असतं. मी काही बोलले नाही. यांनीच टॅक्सीत म्हटलं, ‘बावीस हजार ठीक होते.’ सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर तेच वाक्य त्यांनी मित्रांना स्वतःची युक्ती म्हणून सांगितलं.

परतीचं विमान एजंटानं संध्याकाळचं घेतलं होतं. हे त्याचं बरोबर. जहाज पहाटे बंदराला लागलं तरी हजारो माणसं उतरायची असतात, सामान रंगीत पट्ट्यांच्या गटांनी सोडतात. दुपारी एकच्या आधीचं विमान घेऊ नये. व्हिसाही त्यानं चोख केला. सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच यायचं म्हणजे प्रवेश दोन होतात, तेव्हा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे त्यानं न सांगता तपासलं. मलेशिया आणि थायलंडला आपल्याला त्या वेळी व्हिसा लागत नव्हता. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं, फुकट असतं. त्याचे पैसे घेणाऱ्या साइट आहेत. त्यांत फसू नका.

आता माझा विषय.

पॅकेजमध्ये ‘इन्शुरन्स फ्री’ होता. मी पॉलिसी मागितली, तर एजंटाच्या ऑफिसातल्या मुलानं एक पानाचं प्रमाणपत्र मोबाइलवर पाठवलं. मी प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा घेताना भरायचा अर्ज, मागितला. त्याला प्रपोजल फॉर्म म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. शेवटी प्रिंट आली. चौघांच्या नावांसमोर एक रकाना: सध्या कोणता आजार आहे का, औषधं चालू आहेत का. चौघांसमोर ‘नो’. भाऊजींसमोर पण ‘नो’. ७३ वर्षांचा, स्टेंट घातलेला, सकाळ-संध्याकाळ मिळून सात गोळ्या घेणारा माणूस, आणि ‘नो’.

‘आंटी, यस करो तो प्रीमियम बढ़ जाता है. कोई देखता थोड़ी है.’

‘बेटा, मैं देखती थी.’

खरंच बघत होते. क्लेम आला की बिल नंतर, आधी हा फॉर्म काढायचा. मग दवाखान्याचा कागद. त्यावर पहिल्याच ओळीत डॉक्टर लिहितो, ‘नोन केस ऑफ डायबेटिस’, इतक्या वर्षांपासून. पेशंट स्वतःच सांगतो ना त्याला! दोन कागद शेजारी ठेवले, की पुढचं वाचायची गरज उरत नाही. क्लेम नाकारल्याची अशी पत्रं मी लिहिली आहेत. एजंटानं खोटं लिहिलं असं सांगायला लोक यायचे, रडायचे. खाली सही त्यांची असायची.

प्रवास सुरू व्हायच्या आधी पॉलिसी रद्द करता येते. ती फुकटची रद्द करायला लावली आणि मी स्वतः बसून दुसरी घेतली. सगळे आजार लिहून, स्टेंटचं वर्ष लिहून. भाऊजींचा हप्ता ५,२०० आला, आमच्या तिघांचे मिळून ४,१००. सत्तरीनंतर हप्ता चढतो, आणि काही कंपन्या देतच नाहीत, म्हणून हे काम आदल्या आठवड्यावर टाकू नये. फुकटच्या पॉलिसीत ५०,००० डॉलरचं संरक्षण होतं, मी १,००,००० घेतलं. कारण समुद्रावरचा आजारी माणूस किनाऱ्यावरच्या मोठ्या दवाखान्यात हलवायची वेळ आली तर खर्च औषधाचा नसतो, हलवण्याचा असतो. आधीपासूनचा आजार जाहीर केला तरी सरसकट सगळं मिळतं असं नाही. बहुतेक पॉलिस्यांत जिवाला धोका होईल अशा अचानक अवस्थेपुरतंच, आणि एका मर्यादेपर्यंत देतात. ते कलम वाचूनच पैसे भरावेत. जहाज चुकलं, खोलीतच अडकून पडावं लागलं, बंदर रद्द झालं, यांसाठी क्रूझचं वेगळं कलम असतं, ते नसेल तर ती पॉलिसी जमिनीवरच्या सहलीची. आणि आपली इथली मेडिक्लेम तिथे चालेल या भरवशावर कुणी राहू नये. ती साधारण देशाच्या सीमेत संपते.

एवढं सगळं मी ताईला फोनवर समजावलं. ती म्हणाली, ‘अगं, चार दिवस तर जायचंय.’

सामानाचं थोडक्यात. ताईनं गुळपोळ्या केल्या होत्या. त्यात खसखस असते, आणि खसखशीवर सिंगापूरमध्ये कडक नियम आहेत. पोळ्या इंदुरातच संपवल्या, त्यात कुणाचं नुकसान झालं नाही. भाऊजींची तंबाखूची डबीही घरीच ठेवायला लावली, तिथे चघळायच्या तंबाखूला बंदी आहे. जहाजावर घरचं शिजवलेलं नेता येत नाही, पाकीटबंद कोरडं चालतं. म्हणून छप्पनवरून लवंग सेव घेतली, सहा पाकिटं. इस्त्री, विजेची किटली, शेगडी, असलं काही चालत नाही, हे मी ताईला तीनदा सांगितलं होतं. तिनं किटली साडीत गुंडाळून आणली. एक्स-रेमध्ये साडी दिसत नाही, किटली दिसते. जप्त झाली, पावती मिळाली, उतरताना परत देऊ म्हणाले. ताई त्या मुलीला मराठीत म्हणाली, ‘आणि माझा सकाळचा चहा?’

जहाजाबद्दल मी फार लिहिणार नाही, त्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. स्वच्छ, नीटनेटकं, शिस्तीचं. शाकाहारी जेवण रोज वेगळं, फक्त बुकिंगच्या वेळी कळवावं लागतं. जैन जेवणही तसंच. चहा मात्र आपला नाही, दुधाच्या छोट्या पुड्या आणि कोमट पाणी. अर्धा तारा त्याचा कापला. मोबाइल चढल्याबरोबर एरोप्लेन मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं, फोन आपसूक त्याला चिकटतो आणि बिल घरी येतं. पेनांगला जहाज थेट जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं, उतरून पायी गावात जाता येतं, सहल विकत घ्यायची गरज नाही. फुकेतला जहाज लांब उभं राहतं, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे, पण जहाज आपलं घड्याळ बदलत नाही. तिथल्या दुकानातली घड्याळं बघून परतायची वेळ ठरवली तर जहाजाच्या हिशेबानं तासभर उशीर होतो.

पेनांगच्या रात्री भाऊजी.

जेवणाच्या दोन पाळ्या असतात. आम्हाला दुसरी मिळाली होती, सव्वाआठची. भाऊजी घरी सातला गोळी घेतात आणि साडेसातला पानावर बसतात, गेली पंधरा वर्षं. जहाजावरही सातला गोळी घेतली. दिवसभर जॉर्जटाउनच्या गल्ल्यांत हिंडले होते, दुपारी अर्धवट जेवले होते. आठ वाजता लिफ्टपाशी उभे होते ते ताईच्या खांद्याला धरून खालीच बसले. कपाळावर घाम, हात थंड, आणि मला बघून म्हणाले, ‘शिंदे साहेब आले का?’ शिंदे साहेब त्यांच्या ऑफिसात होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली.

साखर उतरली हे मला आणि ताईला एकदमच कळलं. तिच्या पर्शीत पेपरमिंट होत्या, दोन तोंडात घातल्या. जहाजाचा दवाखाना खालच्या मजल्यावर असतो, डॉक्टर आणि नर्स चोवीस तास. बोटाला टोचून बघितलं तर ४८. सलाइनमधून ग्लुकोज, मग ईसीजी, कारण स्टेंट आहे म्हटल्यावर ते सोडणार नव्हते. दोन तास निजवून ठेवलं. पाऊण तासात भाऊजी भानावर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा.

३१२ डॉलर. जहाजावर कॅशलेस वगैरे काही नसतं, बिल खोलीच्या खात्यावर पडतं आणि शेवटी आपल्या कार्डावरून जातं. डॉक्टर दक्षिण आफ्रिकेची बाई होती, भली. कागद तयार करताना तिनं ‘अशक्तपणा, चक्कर’ एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, बाईसाहेब, साखरेचा आकडा लिहा, वेळ लिहा, भान हरपलं होतं ते लिहा. चक्कर ही तक्रार झाली, ४८ ही अवस्था आहे. क्लेमच्या टेबलावरचा माणूस आकडा शोधतो. तिनं हसून सगळं लिहिलं. तपशीलवार बिल, ईसीजीची पट्टी, पैसे भरल्याची पावती, तिन्ही घेतले. एक दिवसाचं इंटरनेट विकत घेऊन त्याच रात्री विम्याच्या मदत केंद्राला मेल केला. चोवीस तासांत कळवा असं पॉलिसीत लिहिलेलं होतं.

फुकेत भाऊजींनी डेकवरून बघितलं. आम्ही दोघं बोटीनं जाऊन आलो. ताई त्यांच्याजवळ बसली. संध्याकाळी सातची गोळी पावणेआठला, जेवण सव्वाआठला, अशी नवी व्यवस्था लागली. ती एजंटानं ‘जेवणाची पाळी पहिली हवी की दुसरी’ एवढं विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी लागली असती. बुकिंगच्या वेळी ते निवडता येतं. आम्हाला कुणी विचारलं नाही. एक तारा तिथे गेला.

क्लेमचं सांगून टाकते. शंभर डॉलर वजावट, ती पॉलिसीतच होती. उरलेल्या २१२ डॉलरचे रुपये मार्चमध्ये भाऊजींच्या खात्यात आले. मधे एकदा स्टेंटचे जुने कागद मागितले. ते प्रपोजलमध्ये होतेच.

आणि टिपा.

आपल्याकडे टिप म्हणजे बडीशेपेच्या वाटीत सोडलेली वीस-पन्नासाची नोट. मन झालं तर ठेवली, नाही तर बडीशेप खाऊन उठलो. जहाजावर तसं नसतं. माणशी, रात्रीमागे १८.५० डॉलर, आपोआप खोलीच्या खात्यावर. तुम्ही किती वेळा जेवलात, खोली किती वेळा झाडून घेतलीत, त्याच्याशी संबंध नाही. चौघं, चार रात्री: २९६ डॉलर. तेव्हाच्या ८६च्या भावानं साडेपंचवीस हजार रुपये. हे त्या दीड ओळीतलं ‘टिप्स’. ही रक्कम बुकिंगच्या वेळीच भरता येते. एजंटानं ती पॅकेजमध्ये धरून सांगायला हवी होती. सांगितली असती तर ९२ हजारांचा बोर्ड ९८ हजारांचा झाला असता, आणि बोर्डाला ते परवडत नाही.

शिवाय विकत घेतलेल्या प्रत्येक पेयावर १८ टक्के, बिलातच. आमच्या ह्यांनी तलावाकाठी लिंबू-सोडा मागवला. सहीला जी चिठ्ठी आली तिच्यात १८ टक्के लागलेले होतेच, आणि खाली एक रिकामी रेघ होती, जादा टिपेसाठी. रिकामी रेघ दिसली की ती भरायची ही यांची वीज मंडळातल्या नोकरीतली सवय. यांनी दोन डॉलर लिहिले. दुसऱ्या दिवशी परत दोन. तिसऱ्या दिवशी मी चिठ्ठी वाचली.

शेवटच्या संध्याकाळी हिशेबाचा कागद खोलीत आला आणि हे तावातावानं खाली काउंटरवर गेले. टिपा काढून टाकता येतात हे त्यांना आपल्याच कुणीतरी सांगितलं होतं. मी मागोमाग गेले. रांगेत अकरा माणसं, नऊ आपली. पुढचा गृहस्थ मागच्याला शिकवत होता, ‘बस इतना बोलना, सर्विस ठीक नहीं थी.’

मला जेवणाच्या टेबलावरचा मुलगा आठवला. सावंतवाडीचा. पहिल्या रात्री आमचं बोलणं ऐकून म्हणाला होता, ‘काकू, भात थोडा मऊ आणू का?’ मी त्याला आदल्याच दिवशी विचारलं होतं, या पैशांचं होतं काय. त्यानं सांगितलं, हे एकाच्या खिशात जात नाहीत, वाटले जातात. टेबलावरचे, खोली आवरणारे, आणि जे आपल्याला कधी दिसत नाहीत तेही. कुणी काउंटरवर जाऊन काढले, की सगळ्यांच्याच वाट्यातून कमी होतात. हातात दिलेले वेगळे, ते ज्याचे त्याचे. घरी जाऊन त्याला सात महिने झाले होते.

माझं मत विचाराल तर हा पगार आहे, टिप नव्हे, आणि तो भाड्यात धरायची हिंमत कंपनीला व्हायला हवी. पण तो राग रांगेत उभं राहून त्या मुलावर काढायचा नाही. हे मी यांना सांगणार होते. सांगावं लागलं नाही. काउंटरवर यांच्या हातात एक फॉर्म दिला: सेवेत काय कमी पडलं ते लिहा. आमच्या ह्यांनी आयुष्यभर तपासणीचे अहवाल लिहिलेत. पेन काढलं, चष्मा लावला, आणि तसेच उभे राहिले. चार दिवसांत पांघरूण कधी विस्कटलेलं दिसलं नव्हतं, भाऊजी आजारी होते त्या रात्री खोली आवरणाऱ्या बालीच्या मुलानं न सांगता तीन उशा जादा आणून ठेवल्या होत्या. मागचा माणूस म्हणाला, ‘अंकल, जल्दी.’ यांनी पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म तसाच परत दिला.

बालीच्या मुलाला आणि सावंतवाडीच्या मुलाला आम्ही वेगळे दहा-दहा डॉलर दिले, पाकिटात घालून. सावंतवाडीवाल्याला लवंग सेवेचं एक पाकीटही. सेव आधी खिशात गेली.

सिंगापूर शहरात मात्र टिपेचा प्रश्न नाही. हॉटेलच्या बिलात १० टक्के सेवा आणि ९ टक्के जीएसटी लागलेला असतो, टॅक्सीवाला सुटे मोजून परत देतो. आणि जहाजाच्या खात्याला डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडू नका. ते अंदाजानं रक्कम अडवून ठेवतात आणि उतरल्यावरही काही दिवस ती अडकलेली राहते. क्रेडिट कार्ड द्या, पण आधी त्या कार्डाचा परकीय चलनावरचा आकार किती ते बँकेत विचारून घ्या. माझ्या कार्डाचा साडेतीन टक्के होता, वर जीएसटी. ‘रुपयांत भरायचं का’ असं मशीननं विचारलं तर नाही म्हणायचं.

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. गोळ्या आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. भाऊजींनी गोळ्या ठेवल्या. पँट बॅगेत गेली. सिंगापूरच्या मरीना बे टर्मिनलवर इमिग्रेशनच्या रांगेत ते पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात उभे होते, ताठ मानेनं, वर कोट.

परत आल्यावर मी एजंटाकडे गेले, कागद घेऊन. त्यानं चहा मागवला, आपला, घट्ट. सगळं ऐकून घेतलं. दोन तिकिटांचं, जेवणाच्या पाळीचं, प्रपोजलचं. टिपांवर म्हणाला, ‘मॅडम, वो बोल दूँ तो ग्राहक सामने वाली दुकान में चला जाता है.’ तेही खरंच असेल. पण ‘नो’ लिहिणाऱ्या त्या मुलाला त्यानं माझ्यासमोर बोलावलं आणि फॉर्म ग्राहकासमोर बसूनच भरायचा, असं सांगितलं. व्हिसा, परतीचं विमान, टीसीएस यांचे तीन तारे मी त्याला देते. पुढच्या वर्षी आम्ही त्याच्याकडूनच जाणार आहोत, बहुतेक. विमा मी काढीन आणि तिकिटं तो काढेल, असं ठरलंय.

ताईची किटली टर्मिनलवर एका टेबलावर ठेवलेली मिळाली, इतर सत्तर-ऐंशी किटल्या आणि इस्त्र्यांच्या रांगेत. दांड्याला खोली क्रमांकाची पिवळी चिठ्ठी बांधलेली. ती चिठ्ठी ताईनं अजून काढलेली नाही. ग्वाल्हेरला कुणी चहाला आलं, की किटली मुद्दाम बाहेर आणते.